दरीतल्या जंगलाचं अकाली निधन

चि. ठोंब्यास (हे नाव तुझ्या वडिलांनी ठेवलं, मी नाही) आत्याचे आशीर्वाद.

सोमवार, दहा फेब्रुवारी, सकाळी सव्वासात वाजता मला कळलं की आपल्या दरीतलं अर्धं जंगल वारलं. तुझी प्रकृती ठीक असेलच; नजरेबद्दल मात्र शंका आहे. मी नेहमीप्रमाणे फिरायला गेले, तर उतारावरच्या प्रत्येक निष्पर्ण झाडावर लाल फुली! चौकीदाराला विचारलं. तो म्हणाला, "आजी, ही मेलीत. शनिवारी तोडायची. वनखात्याच्या साहेबांनी स्वतः तपासलीत." साहेब म्हणजे तू.

अरे, साग, ऐन, सावर ही झाडं या दिवसांत पानं टाकतात आणि ओढ्याकाठचे करंज हिरवे राहतात, एवढं आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी तिसरीत शिकवलं होतं. (हातात पट्टी असायची, त्यामुळे लाकूड किती टणक असतं तेही कळलं.) तू तर वनशास्त्राची पदवी घेतलीस, पेढ्यांसकट! वरचं गळलं की मेलं, हाच नियम असेल तर पहिली फुली तुझ्या वडिलांच्या टकलावर मार.

मी चौकीदाराला बजावलं, "मला इथून हलवून दाखव," आणि जवळच्या झाडाला मिठी मारली. ते सावरीचं निघालं. (सावरीच्या खोडाला काटे असतात, हा धडा झाला तेव्हा मी तापानं घरी होते.) मग मला खरंच हलता येईना. त्या भल्या माणसानं माझा स्वेटर एकेका काट्यातून सोडवला. "मेलेल्या झाडाची पकड भलतीच घट्ट आहे हो," म्हणाला. मी त्याला वरच्या कळ्या दाखवल्या. "आहेत खऱ्या. पण आजी, सही साहेबांची आहे."

तेव्हा शनिवारच्या आत येऊन सगळ्या फुल्या स्वतःच्या हातानं पूस. जिवंत झाडावर कुऱ्हाड चालवणं हे पाप आहे, आणि ते आपल्या घराण्यात कुणी केलेलं नाही.

तुझी,
आत्या

ता. क. : येशीलच तर लाल रंगाचा डबा घेऊन ये. माझ्या मागच्या अंगणावर वाकलेलं जांभळाचं झाड तुझ्या तपासणीतून सुटलं आहे. ते पूर्ण मेलेलं आहे. पानांवर जाऊ नकोस, ती दिखाऊ आहेत. मेलेलं असूनही दर उन्हाळ्यात माझ्या वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरींवर जांभळं टाकतं, इतकं ते निर्लज्ज आहे.

ता. क. दुसरा : कधी तोडणार ते शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळव. फोन करू नकोस, शेजारीण ऐकते. झाड तिचं आहे.