अर्धी पट्टी आण्णांची

माळेगाव बुद्रुक,
१४ मार्च १९९६

चि. दिपालीस आप्पाचा आशीर्वाद.

रक्तातली साखर तपासायच्या पट्ट्यांची जी बाटली तू दर महिन्याला पुण्याहून पाठवतेस, तिच्यातल्या पट्ट्या मी ब्लेडनं उभ्या चिरतो. एकीच्या दोन होतात. सुरुवात पैसे वाचवायला केली होती. पण दिवाळीपासून दुसरी अर्धी तुझे थोरले चुलते वापरतात.

जमिनीच्या वाटणीवरून नऊ वर्षं आमचं बोलणं बंद होतं. दवाखान्यात पट्ट्यांची किंमत ऐकून ते उठले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आण्णा, घरी या. माझ्याकडं हायती."

आता दर गुरुवारी ते जळोचीहून सायकलवर येतात. दोघं बोटं टोचतो, पट्टीचा रंग बाटलीवरच्या रंगांशी लावून बघतो. "तुझा लईच गडद हाय. गूळ खाल्लास व्हय रं?" म्हणून मला दटावतात. मग जेवल्याशिवाय हलत नाहीत.

पुढच्या महिन्यापासून दोन बाटल्या पाठवते, असं तू लिहिलंस. नको पाठवूस. दुसरी आली, तर ती त्यांना द्यावी लागेल. मग ते गुरुवारी कशाला येतील?

आपण पुतणीच्या पैशानं तपासतो, हे तुला कळलेलं त्यांना सोसायचं नाही. म्हणून हे पत्र टाकत नाही. फोनवर सांगेन, एक बाटली पुरते.

तुझा,
आप्पा