रेघेच्या आत

मंगळवार, १२ तारीख, दुपार

प्रिय ताई,

पत्र आज लिहू, उद्या लिहू करत राहिलो. हात धड आहेत, त्यामुळे सबब नाही. तुझ्या चिंगीचा दात पडला का? इथे खिडकीतून पाण्याची टाकी दिसते. तिच्यावर एक कावळा येतो, कंटाळला की उडतो. त्याचं बरं आहे.

पायाला थोडं लागलंय, इस्पितळात आहे, एवढंच फोनवर म्हणालो होतो. ट्रकमधून कपाट उतरवताना नडगीला ओरखडा गेला, एवढंच. मग तिथे पुळी आली. मी ती अण्णांच्या पद्धतीने साफ केली. गॅरेजच्या मोरीत बसवून आपले फुटलेले गुडघे ब्रशने घासायचे, आठवतं? "रडू नकोस, घाण निघतेय." तसंच रोज घासलं. जखम रोज वाढली, कडा जांभळ्या पडल्या. इस्पितळात सर्जनने खरवडली, तर तळहाताएवढी झाली. पुन्हा खरवडली, आणखी पसरली.

त्यानंतरचं बोलणं पाय काढण्याचं होतं. हे तुला सांगायचं नव्हतं. झालं सांगून.

मग कातडीच्या डॉक्टरीणबाई आल्या. तपासणीत जंतू सापडलेच नव्हते. "घासलं की वाढते का रे?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो.

"मग डिवचू नकोस. तुझं शरीरच तुझ्या कातडीवर उलटलंय. जितकं छेडशील तितकं चिडेल."

दुर्मिळ आजार आहे म्हणे, नाव मला म्हणता येत नाही. सुरी बंद, स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू. बाईंनी जखमेभोवती पेनाने रेघ मारली. बाहेर गेली तर बघू, म्हणाल्या. काय बघू, ते मी विचारलं नाही.

आज सकाळी कड रेघेच्या आत होती. किंचित. आनंद व्हायला हवा होता बहुतेक. मी चहा प्यायलो.

अण्णांना कळवू नकोस. भांडून निघालेल्या मुलाकडे ते यायचे नाहीत, आणि आलेच तर आधी ब्रश मागतील.

थांब, दारात कोणीतरी आहे.

ताई, अण्णा आलेत. तूच सांगितलंस, दुसरं कोण. बाई त्यांना बाहेर भेटल्या असाव्यात, कारण हात पाठीमागे बांधून उभे आहेत.

"घासायची नाही म्हणे."

"नाही."

स्टूल ओढून पायांशी बसले. मग म्हणाले, "दुसऱ्या पायाला हात लावला तर चालेल?"

लावलाय. म्हणून अक्षर हललंय.

तुझा, अजून दोन्ही पायांसकट,
भटक्या