सहा-एक्केचाळीस की सात-सदतीस

आंधळगाव, ता. मोहाडी
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय सुगत,
सप्रेम जय भीम.

इकडे सगळे ठीक. धान निसवायला लागलं आहे, लोंब्या दिसतात. बाबांचा खोकला कमी आहे, चिडचिड तेवढीच आहे. तुझी वहिनी सरिता म्हणते, घरात दोन मोबाईल असताना पत्र काहून लिहून राहिले? तिला म्हटलं, गाडीचं काम आहे, फोनवर समजत नाही. ते अर्धंच खरं आहे. तू फोनवर विचारतोस, "दादा, धुरीचे जुने दाते मोजले का?" आणि मी "उद्या मोजतो" म्हणून ठेवून देतो. असं तीनदा झालं. जन्मभर मिस्त्रीकाम केलेल्या माणसाला चव्वेचाळीस दाते मोजायला महिना लागत नाही, हे पुण्यात बसून तुलाही कळलं असेल.

आधी बाबांच्या ट्रकची खबर. इतकी वर्षं उभी असूनही इंजिन दुसऱ्या झटक्यात सुरू झालं. धूर असा निघाला की शेजारचे धनीराम पाण्याची बादली घेऊन धावत आले. ब्रेक सगळे नवे टाकले. पासिंगचे कागद भंडाऱ्याला आरटीओत दिले आहेत. बाबांचं एकच टुमणं, दसऱ्याला दीक्षाभूमीवर आपल्याच ट्रकने जायचं. तू पार्ट पाठवलेस, पण स्वतः येणार नाही म्हणालास.

राहिला मागच्या धुरीचा रेशो. सरिताला समजावलं, धुरीत एक मोठं चक्र असतं, क्राऊन, आणि त्याला फिरवणारं छोटं पिनियन. इंजिनकडून येणारा शाफ्ट जास्त वेळा फिरून चाक एकदा फिरलं तर गाडी ओढते चांगली, पळते कमी. शाफ्ट कमी फिरला तर उलटं. ती म्हणाली, "मंग यात येवढा इचार करासारखं काय हाये?"

तू म्हणालास, बाबांचा मूळ जोड असेल तोच ठेवू, म्हणून मोजून कळव. मोजलं. क्राऊन सदतीस, पिनियन सात.

हा बाबांचा जोड नाही, सुगत. बाबांचा सहा-एक्केचाळीस होता, ओढणारा. तो माझ्याकडे आहे. गोठ्यामागे पोत्यात गुंडाळून ठेवला होता, दर उन्हाळ्यात तेल लावत आलो. एक दातही गेलेला नाही.

आता पुढचं लिहितो. थांबलो तर राहून जाईल.

२००२ च्या हंगामात बाबा चार दिवस कोंढ्याला आत्याकडे लग्नाला गेले, तेव्हा मी तो काढून पळणारा सात-सदतीस बसवला. आपली गाडी पन्नासच्या वर गेली की ओरडायची, आणि येणारा-जाणारा हॉर्न देऊन पुढे निघायचा. त्याचा मला राग यायचा. शिवाय राईस मिलच्या दिवसाला दोन खेपा करायच्या होत्या. कोणाला सांगितलं नाही, तुलाही नाही. बाबा परत आले आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाले, "काटा चाळीसवर हाये अन् झाडं पन्नासनं पळून राहिले." मी म्हटलं, मीटरची केबल जुनी झाली. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

त्याच आठवड्यात नाल्याचा तो चढ. वर धानाची पोती, स्टिअरिंगवर तू, एकवीस वर्षांचा. गाडी अर्ध्या चढावर बंद पडून मागे सरकायला लागली आणि बाबा लाकडाचा ठोकळा घेऊन चाकामागे उतरले. त्यांच्या पायावरून चाक गेलं.

दवाखान्यात तू मला धरून तीन-तीनदा सांगत होतास, "दादा, मी पैल्याच गेअरमंधी होतो." खाटेवरून बाबा म्हणाले, "पैल्यात आपली गाडी तो चढ झोपेत चढते. दुसरा टाकला असन यानं." त्यांचं बरोबर होतं. सहा-एक्केचाळीस असता तर चढलीच असती. मी तिथे सलाईनची बाटली धरून उभा होतो. सगळं मला ठाऊक होतं आणि मी गप्प राहिलो. पाचव्या दिवशी तू पिशवी घेऊन गेलास. आई गेली तेव्हा आलास, तेही दोन दिवस.

परवा दोन्ही पिनियन बाबांच्या खाटेवर ठेवली. त्यांनी बोटाने दाते मोजले.

"हा सातवाला गाडीत होता?"

"हो."

"मंग तो पैल्यातच होता."

"हो, बाबा."

त्यांनी लाकडी पायाचा पट्टा सोडला, पुन्हा बांधला. मग म्हणाले, "तेवीस वर्सं मी त्या पोराले खोटा म्हनलो. तुले येकदाबी नाई वाटलं का रे, सांगावं?"

"वाटलं."

"मंग काहून नाई सांगतलं?"

ते माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. आज सकाळी एवढंच म्हणाले, "कोनता बसवाचा ते सुगतलेच इचार. त्यानं सांगतलं तोच."

म्हणून विचारतो. हिशेबाने सात-सदतीस बरोबर आहे. गाडी रिकामी, रस्ता सपाट, सत्तरने आरामात नागपूर गाठेल. पण तो पुन्हा बसवायला माझा हात जात नाही. बाबांच्या जोडाने पन्नासने जाऊ, उशीर होईल, एवढंच. धुरी उघडी आहे, दोन्ही जोड धुऊन ठेवले आहेत. तुझं उत्तर येईपर्यंत मी एकही बोल्ट आवळणार नाही. दसरा दोन ऑक्टोबरला आहे.

तू आला नाहीस तरी तो तुझा हक्क आहे. मी माफी मागतो, पण तिच्या बदल्यात तू ये असं म्हणणार नाही. बाबांसमोर कबूल केलं, सरितासमोर केलं. उद्या धनीरामना सांगेन, म्हणजे गावात सगळ्यांना कळेल. गावानेही तुलाच बोल लावला होता.

तू पहिल्याच गेअरमध्ये होतास.

दादा म्हणून सही करत नाही. ते तुझ्याकडून आलं तर येईल.

अश्विन