मार्थाबाईच्या नावावरचं चर्च

प्रिय माय,

तुला वाचता येत नव्हतं, म्हणून मी तुला कधी पत्र लिहिलं नाही. आज लिहितोय. उद्या अकरा वाजता कारंज्याच्या रजिस्ट्री कचेरीत जाऊन विक्रीच्या कागदावर सही करायची आहे. तू असतीस तर नुसता येऊन चुलीपाशी बसलो असतो. आता कोणाजवळ बसू?

आपल्या धाकट्या विजूने गिऱ्हाईक आणलंय. चर्च, त्याच्यामागच्या कबरी, पुढचं निंबाचं आवार, सगळंच द्यायचं. तिथे सोयाबीनचं गोदाम होणार आहे. फोनवर त्याने विचारलं, "दादा, येशीन ना सहीले?" आणि मी "हो" म्हणालो! नाही म्हणायचं होतं गं. पन्नाशी उलटली तरी तुझा मोठा मुलगा तसाच भित्रा राहिला.

पण माय, थोडा राग तुझ्यावरही आहे. जमीन तुझ्या नावावर आहे, हे तू जन्मभर का लपवलंस? दर शनिवारी झाडू घेऊन जायचीस आणि "देवाचं हाय, आपलं काई नाई" म्हणायचीस. तू गेल्यावर रेशन कार्डाच्या पिशवीत सातबारा सापडला. त्यावर तुझंच नाव होतं, मार्थाबाई.

शेवटी शेजारच्या रहीमचाचांना विचारलं. चर्चच्या घंटेचा आकडा जोडून जोडून त्यांचं वेल्डिंगचं दुकान म्हातारं झालंय, त्यांना सगळं ठाऊक. म्हणाले, "चर्च बांधनारा फादर परदेशी मानूस, त्याले वावर घेता येत नोतं. तुह्या बापाच्या नावावर घेतलं असतं त तुह्या काकानं हिस्सा मांगला असता. म्हून तुह्या मायच्या नावावर घेतलं. बाईच्या नावाचं वावर भाऊबंदकीत जात नाई, असं वाटे त्याले!"

किती भोळे होते गं फादर! तुला दोन मुलगे होतील आणि त्यांचीच भाऊबंदकी होईल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

ते चर्च तू स्वतः डोक्यावर वाहिलंस. दुष्काळात काम निघालं, मजुरीत गहू मिळायचा, आणि तू नवी नवरी नदीतून दगड आणायचीस. तो गहू खाऊन ख्रिस्ती झालो म्हणून लोकांनी आपल्याला पुढे किती चिडवलं! तू हसायचीस. "त्यायनं बी खाल्ला हाय," म्हणायचीस. मला मात्र शाळेत जायची भीती वाटायची.

मग हळूहळू सगळं आटलं. फादर महिन्यातून एकदा मिस्सेच्या प्रार्थनेला यायचे, ते फक्त नाताळला यायला लागले. आपली सात घरं होती. कोणी पुण्याला गेलं, कोणी नागपूरला. एक दिवस दाराला कुलूप लागलं आणि किल्ली तुझ्याकडे आली. तू तरी झाडतच राहिलीस. कोणासाठी झाडत होतीस गं?

एक गोष्ट तुला सांगितलेली नाही. पावसाळ्यात शहरातून दोन फादर इमारत पाहायला आले होते. त्यांनी विचारलं, "जमिनीचे कागद कोणाकडे आहेत का?" कागद माझ्या खिशात होता. मी नाही म्हणालो. वाटलं, हे म्हणतील, झाडूवालीने देवाची जागा गिळली. तुझ्यावर आळ येऊ नये म्हणून खोटं बोललो, असं मी स्वतःला समजावतो. खरं सांगू? मी नुसता घाबरलो होतो.

विजूचंही सगळं चूक नाही. श्रावणात आतली एक तुळई खाली आली. तो म्हणतो, "कोनी येत नाई, जात नाई. कायले ठेवून राह्यला? कोनाच्या अंगावर पडलं त तुलेच धरतीन." त्या दिवसापासून वारा सुटला की माझा जीव टांगणीला लागतो. गावातली एक बकरी जरी तिकडे वळली तरी मी धावत जातो.

पण कोणी येत नाही, हे खोटं आहे. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, मी मुद्दाम फाटक उघडलं नाही. चारचौघांत आपलं चर्च, आपल्या कबरी दिसायला नकोत, असं वाटलं. घरात दार लावून बसलो. दुपार टळल्यावर चाचांनी कडी वाजवली. "फाटक काहून बंद हाय? बाया उभ्या हायत. बुढीले मेणबत्ती लावाची हाय." जाऊन पाहतो तर बुद्धविहाराकडच्या बाया, चाचांची सून, सगळ्या पदराआड मेणबत्त्या धरून उभ्या! दरवर्षी तूच त्यांना बोलवायचीस. यंदा कोणी बोलावलं नव्हतं. त्यांनी अकराही कबरींवर मेणबत्त्या लावल्या. मला कोणी काही बोललं नाही. त्याचीच जास्त लाज वाटली.

आता त्या अकरा कबरींवरून जेसीबी फिरणार. तुझी तर अजून नुसती माती आहे, सिमेंटही केलेलं नाही. डोळे मिटले की मला तेवढंच दिसतं.

आणि याहून मोठी भीती विजूची आहे. उद्या नाही म्हटलं तर तो माझं नाव टाकील. तुझ्यानंतर मला तेवढंच माणूस उरलंय.

माय, त्याने तुझी कबर पाहिलेली नाही. तू गेलीस तेव्हा तो ट्रक घेऊन सुरतेला होता. मे महिन्याच्या उन्हात तुला किती ठेवणार? दुसऱ्या दिवशी आला, ओट्यावर बसला. मी म्हटलं, चल, दाखवतो. "मले पाहाची नाई," म्हणाला आणि उठून वाशीमला निघून गेला. मीही जोर केला नाही. घाबरलो, दुसरं काय.

म्हणून आज तुला शब्द देतो. उद्या कारंज्याला जाईन, पण सही करणार नाही. सातबारा त्या फादरांना पाठवीन आणि खोटं बोललो हेही लिहीन. आणि विजूला तिथूनच तुझ्याकडे घेऊन येईन. शिव्या देईल, त्या खाईन. हात ओढून आणीन. तुझ्या मातीवर उभा राहून तो म्हणाला, "दादा, पाडू या," तर त्याच्या तोंडावर नाही म्हणेन. आवाज फुटला नाही तरी मान हलवीन.

एवढंच कर माय, तो आला की त्याला रडू दे.

तुझा,
प्रकाश