समाजशास्त्राला मुलं जमवताना

बाबा, माझ्याशी वाद घालून तुम्ही एकदाच हरलात. दहावीच्या निकालानंतरचा तो आठवडा मला अजून लख्ख आठवतो. इकडे तमिळ मुलखात आल्यापासून इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात गाड्यांच्या सुट्या भागांची तपासणी तुमच्याकडे होती. संध्याकाळी कंपनीच्या बसने घरी यायचात आणि बूट काढता काढताच विषयाला हात घालायचात. "समाजशास्त्र म्हणजे नक्की काय गं? समाज मी रोज बघतो. त्याला शास्त्र कशाला लागतं?" मी आपली, मला इतिहास, समाजशास्त्र आणि मानसशास्त्रच घ्यायचंय, एवढंच म्हणत पाय आपटत आत जायचे. दहावीला चांगले मार्क पडल्यावर अकरावीला विज्ञान न घेणं म्हणजे भरल्या ताटावरून उठणं. आमच्या बिल्डिंगमधली मुलं तर शोळिंगनल्लूरच्या काचेच्या आयटी ऑफिसांकडे तोंड करूनच जन्माला आली होती. शेवटी आई पोळी लाटता लाटता म्हणाली, "शिकू द्या तिला काय शिकायचं ते. इंजिनिअर होऊन तुम्ही तरी कुठे मोठे खुशीत असता?" तुम्ही पेपरची घडी घातलीत आणि म्हणालात, "ठीक आहे. माझं काही म्हणणं नाही." आमच्या घरी याचा अर्थ पुष्कळ म्हणणं आहे असाच होता, पण परवानगी ती परवानगी.

दुसऱ्या दिवशी आपण शाळेत गेलो. मे महिन्यातलं कत्तिरीचं कडक ऊन, मुख्याध्यापिकांच्या खोलीत पंखा गरम हवा ढवळतोय, आणि तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीच्या टोकावर बसलाय. मुख्याध्यापिका इंग्रजीत, अगदी गोड आवाजात सांगतायत की यंदा ह्युमॅनिटीजची तुकडी उघडणार नाही. विषय घेणारी मुलं दोन-चारच आहेत, निदान दहा-बारा तरी हवीत. मुलीचे मार्क उत्तम आहेत, विज्ञानाला जागा आहे, आज सही केलीत तरी चालेल. मी तुमच्या चेहऱ्याकडे बघत होते. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, असंच झालं होतं तुमचं. हसून सही करायची आणि वाटेत मला थंडगार नन्नारीचं सरबत पाजायचं, की विषय संपला. पण तुमचे कान लाल झाले. "मुलीला मार्क आहेत," तुम्ही म्हणालात. "शिक्षिका आहे. खोली आहे. मग विषय का नाही?" त्या म्हणाल्या, मुलं आणा, मी तुकडी उघडते. शाळा सुरू व्हायच्या आत. तुम्ही उठलात आणि म्हणालात, "आणतो."

तुम्हाला स्वतःला न पटलेला विषय तुम्ही दारोदार विकायला निघालात, हे आठवलं की मला अजून हसू येतं. बसमध्ये, भाजीच्या गाडीपाशी, मराठी मंडळाच्या सत्यनारायणाला, कुणाचा मुलगा दहावी झालाय असं कळलं की तुम्ही त्या बापाला कोपऱ्यात घेत होता. आणि सांगायचात काय, तर "मार्क कमी असले तरी इथे चालतं. फारसा अभ्यास नाही. पोरगं निवांत राहतं." प्रसाद हातात धरून ती माणसं तुमच्याकडे अशी बघायची! एकाने तर विचारलं, "म्हणजे आमचा मुलगा मठ्ठ आहे, असं म्हणायचंय का तुम्हाला?" आठवडा संपत आला आणि एकही मूल मिळालं नाही. उलट एका बाईंनी आईशी बोलणं सोडलं.

ही कीर्ती शाळेतल्या समाजशास्त्राच्या बाईंच्या कानावर गेली. त्या तंजावरच्या मराठी घरातल्या. त्यांची मराठी पिढ्यान् पिढ्या तिकडेच मुरलेली, तमिळच्या चालीवर चढणारी-उतरणारी. आपण चौकशीला पुन्हा शाळेत गेलो तेव्हा त्यांनी तुम्हाला व्हरांड्यातच गाठलं. "अहो, माझा विषय चांगला अहे. तुम्ही त्यास रद्दीच्या भावांत कशास विकतां? जे स्वतःस ठाऊक नाही, ते लोकांस कसं सांगतां?" तुम्ही कारखान्यात भल्याभल्यांना खडसावणारे, पण त्या ठेंगण्या बाईंसमोर शाळकरी पोरासारखे उभे होता. त्यांनी पिशवीतून अकरावीचं जुनं पुस्तक काढलं आणि तुमच्या हातात दिलं. माझ्या नव्हे, तुमच्या. "वाचा, सार." 'सर'चा त्या 'सार'च करायच्या. "मग जा."

त्या संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघरात पाट घेऊन बसलात आणि पुस्तक माझ्याकडे सरकवलंत. "शिकव." मी पहिला धडा वाचून दाखवते आहे, आई कुकरच्या शिट्ट्या मोजते आहे, आणि तुम्ही दर वाक्याला अडवताय. "रीत म्हणजे काय? उदाहरण दे." माझ्याकडे कुठलं उदाहरण? मी पुस्तकातलंच पुन्हा वाचलं. तुम्ही हळूच म्हणालात, "आमच्या कॅन्टीनमध्ये खिडकीकडची टेबलं आमची, दाराकडची कामगारांची. जेवण तेच, पंखे तेच. कुठे पाटी नाही, कुणी नियम केलेला नाही. पण इतक्या वर्षांत एकदाही कुणी चुकून इकडचा तिकडे बसला नाही. ते हेच का?" मी म्हटलं, बाबा, हेच. तेव्हा तुमचा चेहरा असा उजळला, जणू बंद मशीन तुम्ही दुरुस्त केलंत आणि ते चालू झालं! त्या रात्री जेवताना तुम्ही आईला विचारलंत की आपल्या घरात बायका मागून का जेवतात. आई म्हणाली, "कारण पोळ्या कुणीतरी करायच्या असतात. आता शास्त्र पुरे, आमटी घ्या."

मग तुमचं बोलणं बदललं. कुणाला निवांतपणाचं आमिष दाखवायचं तुम्ही सोडलंत, कॅन्टीनचं सांगू लागलात. काही बापांनी कान टवकारले, काहींनी हात झटकले, तरी चार-पाच मुलं जमली, आणि बाईंनी त्यांच्या बाजूने काही आणली. तरीही तुकडी उघडेल असं दिसेना. माझ्या वर्गातल्या एका मुलीला मानसशास्त्र घ्यायचं होतं, पण घरी विचारायची तिची छाती नव्हती. तिच्या दोन मैत्रिणी ती करेल तेच करणार होत्या. त्या तिघी आल्या तर गंगेत घोडं न्हालं असतं. पण तिचे वडील तुमच्या कारखान्याचे प्रमुख. त्यांच्यासमोर तुम्ही फाईल हातात असल्याशिवाय कधी उभे राहिला नव्हता. आई म्हणाली, "तिथे जाऊ नका. उद्या तुमच्यावर राग धरला तर?" तुम्ही म्हणालात, "धरू दे."

टी. नगरमधल्या त्यांच्या घरी आपण दोघं गेलो. खाली साड्यांच्या दुकानांची झुंबड, वर दिवाणखान्यात घड्याळाची टिकटिक ऐकू येईल अशी शांतता. त्यांच्या पत्नीने पितळेच्या टंबलरमधून कॉफी आणून दिली. साहेब इंग्रजीत म्हणाले, "माझी मुलगी काय शिकणार हे आता तुमच्या विभागात ठरतं का?" मुलगी दाराआड उभी होती, तिच्या दावणीचा, म्हणजे अर्ध्या साडीचा, काठ तेवढा दिसत होता. तुमचं तमिळ भाजीवाल्यापुरतं आणि इंग्रजी मशीनपुरतं, तरी तुम्ही बोललात. "सर, मशीनला काय झालंय ते मला आवाजावरून कळतं. माणसांना काय झालंय ते कळत नाही. मागे कामगार काम थांबवून बसून राहिले, तेव्हा आपण दोघं खिडकीतून बघत होतो. आपल्याला काय विचारावं तेसुद्धा सुचलं नाही. आपल्याला कुणी शिकवलंच नाही, सर. या मुलींना कुणी शिकवत असेल, तर शिकू द्या." कॉफी गार झाली. उठताना साहेब म्हणाले, "सरि, बरं. बघू." जिन्यात तुम्ही कठडा घट्ट धरून उतरत होता. मला तुमचा फार अभिमान वाटला आणि मी तसं म्हटलं नाही. मी म्हटलं, बाबा, रिक्षा करू या का.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी बाईंचा फोन आला. साहेबांची मुलगी नाव घालायला आली होती, मैत्रिणींना घेऊन. तुकडी उघडली. तुम्ही फोन ठेवलात आणि आईला हाक मारून सांगितलंत. पुढे एकदा तुम्ही कॅन्टीनमध्ये ताट घेऊन दाराकडच्या टेबलावर जाऊन बसलात, आणि सगळे कामगार अवघडून उभे राहिले. घरी येऊन मला विचारलंत, "आता याला तुमच्या शास्त्रात काय म्हणतात?" मी म्हटलं, तो धडा अजून आला नाही. "आला की सांग," तुम्ही म्हणालात, आणि खरंच विचारत राहिलात. माझ्या अकरावी-बारावीचे सगळे रविवार त्यातच गेले. मी शिकायचे आणि तुम्ही शंका काढायचात, आणि आई म्हणायची, एका फीमध्ये दोन विद्यार्थी.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना तुम्ही गेलात. आता मी याच शहरात अकरावीला समाजशास्त्र शिकवते. जूनमध्ये तुकडी भरते का याची धाकधूक असते आणि बहुतेक वर्षी भरते. परवाच एक वडील माझ्यासमोर बसून, मुलगी ऐकत नाही हो, असं कपाळाला हात लावून सांगत होते. मी त्यांना कॉफी दिली आणि सगळं ऐकून घेतलं. मला त्यांचा राग येत नाही. ती माणसं मला आवडतात.

पण एक गोष्ट राहिली आहे, बाबा. मुख्याध्यापिका म्हणाल्या की तुकडी उघडणार नाही, तेव्हा मी तुमच्या चेहऱ्याकडे बघत होते, कारण मला वाटत होतं तुम्ही आता सही कराल. आणि तुम्ही करावी असं मला वाटत होतं. घरी इतकं भांडले, पण त्या खोलीत मला सगळ्यांपेक्षा वेगळं व्हायची भीती वाटत होती, आणि कुणीतरी दार बंद केलं म्हणून मला हायसं वाटलं. तुम्ही "आणतो" म्हणालात तेव्हा आता सुटका नाही असं वाटलं. माझी हिंमत मोडायची नाही म्हणून तुम्ही लोकांची बोलणी खाल्लीत, आणि ती हिंमत माझ्यापाशी नव्हतीच. ती तुम्हाला बघून, मागाहून आली. हे पत्र मी कुठे पाठवणार नाही, आईलाही दाखवणार नाही. ती अजून सगळ्यांना सांगते की हा विषय पोरीने बापाशी भांडून घेतला, आणि मी मान डोलावते.