पुसलेला फळा

९ सप्टेंबर, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. मावशीकडे तू मजेत असशीलच. इकडे तबेल्यात सगळं झकास चाललंय. तू गेल्यापासून महिनाभरात कुठे म्हणून कुठे अडलेलं नाही, तेव्हा उगाच काळजी करू नकोस.

एक बारीकशी गंमत झाली, तेवढी सांगतो. कोणत्या घोड्याला किती जव, कोणाला कोंडा, कोणाला नुसतं गवत, हे तू चंदीच्या खोलीतल्या फळ्यावर लिहून ठेवलं होतंस ना, तो फळा पाणी उडून पुसला गेला. मी आठवून आठवून नवा लिहिला. त्यात तुफानची चंदी आपल्या भोपळ्याला गेली. एरवी एक पाऊल टाकायला ज्याच्या विनवण्या कराव्या लागतात, तो भोपळ्या आठवडाभरात रपेटीला आलेल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना पाठीवर घेऊन कुंपणावरून उडाला, तो थेट शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांत. परत आला तेव्हा त्याच्या डोक्यावर चादर आणि बाईंच्या गळ्यात पायजमा. बाई खूश! म्हणाल्या, "उद्यापण हाच द्या." तुफान मात्र हल्ली उभ्या उभ्या घोरतो.

मोतद्दारकाका माझ्याशी बोलत नाहीत. जे काय बोलायचं ते खरारा करता करता घोड्यांना सांगतात. "बाळा, तुला पाणी द्यायला मालक विसरले बरं का. मोठी माणसं ती, कामं फार." मीही मग घोड्यालाच उत्तर देतो. बिचाऱ्या घोड्याचं डोकं पिकलं असेल.

आणि तुझी लाडकी घोडी, काकूबाई, बरी आहे.

बरी म्हणजे, कोणाला जवळ येऊ देत नाही. परवा नालबंद आला, तिने त्याची टोपी चावून खाल्ली. शेवटी मी तुझा जुना रेनकोट चढवला, टोपडं खाली ओढलं आणि तुझ्यासारखा पाय आपटत आत गेलो. तिने हुंगलं, मान खांद्यावर टेकवली. मला इतका आनंद झाला की तोंडातून "शाब्बास!" निघून गेलं. आवाज ऐकला मात्र, बया गर्रकन वळली आणि जिथे चावायचं तिथेच चावली. हे पत्र मी उभ्याने लिहितोय.

ताई, हसून झालं असेल तर पुढचं वाच. गुरांचे डॉक्टर येऊन गेले. काकूबाईला व्यायला फार तर दोन आठवडे राहिलेत. शिंगरू आडवं वाटतंय म्हणाले, पण ती हात लावू देईल तर नीट कळणार ना. "तिच्या विश्वासाचं माणूस डोक्याशी हवं, नाहीतर मायलेकरं दोन्ही जातील," असं स्पष्ट बोलले. मी मान डोलावली आणि चंदीच्या खोलीत जाऊन रडलो. काकांनी पाहिलं. पहिल्यांदाच सरळ माझ्याशी बोलले, "पत्र लिहा."

तर आता खरं सांगतो. त्या खोलीत नळ नाही हे तुला माहीतच आहे. पाणी कुठून उडणार? फळा मी पुसला. "तबेला बाबांनी माझ्या नावावर केलाय, तुझ्यावाचून काही अडत नाही," असं मी तुला म्हणालो, तू किल्ल्या बादलीत टाकून निघालीस, आणि तुझी रिक्षा वळायच्या आत मी ओल्या फडक्याने तुझं अक्षर पुसून काढलं. इतका राग आला होता. संध्याकाळी चंदी द्यायला गेलो, तर काकूबाईच्या नावापुढे तू काय लिहिलं होतंस तेच आठवेना. तेव्हापासून माझी झोप उडालीय.

चुकलो गं. माझ्यावरचा राग तसाच ठेव, हवं तर इथे येऊन रोज शिव्या घाल, पण लवकर ये. तिला तूच हवीस. मलाही.

फळा पुन्हा पुसून कोरा ठेवलाय. या वेळी मोतद्दारकाकांना विचारून पुसला. खडू तुझ्याच डब्यात आहेत.

खाली आधी सवयीने 'मालक' लिहिलं होतं, ते खोडलंय. जाताना तू दारातून ओरडून जे म्हणालीस, तेच बरोबर होतं.

तुझं,
या तबेल्यातलं एकुलतं एक गाढव