शेपटी आणि तीळ

काचीगुडा, शनिवार संध्याकाळ, १९४९

जिंकले! गेल्या वैशाखात बाळूच्या मुंजीत गच्चीवर फोटो काढला, तेव्हा डोक्यावरून विमान गेलं. दोन शेपट्यांचं. फोटोत मात्र एकच शेपटी. विमानांची चित्रं जमवणारा आमचा दादा तेव्हापासून म्हणतोय, "डकोटा गं ते, एकाच शेपटीचं! तुला चष्मा लागलाय." मला लागलाय?

आज फोटो पुसताना दिसलं, वहिनीच्या गालावरचा तीळच गायब! तीळ गेला, मग शेपटी का जाणार नाही? तडक सिकंदराबादचा स्टुडिओ गाठला. फोटोवाले चाचा ओशाळले. "दाग समझा बाई, दोनों पे पेन्सिल फेर दिया." त्यांनी फोटोची मूळ काच, म्हणजे निगेटिव्ह, कापसानं पुसली. तीळ आला, शेपटीही आली. काचच घरी आणली.

दादानं ती उजेडात धरली. "अगं, हे तर लँकॅस्ट्रियन! केवढं दुर्मीळ!" कसला खूश झाला! "पण तुला सुचलं कसं?"

मी तिळाचं सांगितलं. वहिनीचं लाटणं थांबलं.

"वर्षभर भिंग घेऊन बघत होतात ना तो फोटो?" तिनं दोन्ही गाल हातांनी झाकले. "सांगा, कुठल्या गालावर आहे?"

दादानं हळूच काचेकडे पाहिलं. मी ती पदराखाली घेतली.